शिवतो, शिवते

रतनजींबद्दल लिहायला बसले की पहिल्याच वाक्यात अडते. "रतनजी आमच्या गावात कपडे शिवायचे" असं लिहावं की "शिवायच्या"? दोन्ही लिहून पाहिलं, दोन्ही खोडलं. शेवटी "शिवायचे" ठेवलं आहे. आमच्या बोलीत बाईलाही "ते" म्हणतात. "ते पोरगी आली", "ते बाई बाजारात गेली". पुस्तकातल्या मराठीत मात्र "ते" म्हणजे मानाचा पुरुष. तेव्हा मी "ते" लिहिते, वाचणाऱ्याने आपल्या परीने वाचावं. पुढच्या क्रियापदाचं काय करावं, हे मला अजून कळलेलं नाही. अशाच एका क्रियापदापायी माझ्या हातून जे झालं, ते सांगायला मला तीन वर्षं लागली.

आमचं गाव एकोडीच्या पुढे, तलावाच्या पाळीखाली. गावात शिरलं की चावडीच्या आधी रतनजींचं घर लागायचं. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पडवीसारखी उघडी सपरी. सपरीत पायमशीन, मशीनच्या एका बाजूला बेतलेल्या कपड्यांची गाठोडी आणि दुसऱ्या बाजूला बाया. बाया तिथे नेहमीच असायच्या. पोलकं टाकायला आलेली, न्यायला आलेली, आणि कशालाच न आलेली. माझी माय तिसऱ्या प्रकारातली. धान निवडायचं सूप घेऊन ती तिथे जाऊन बसायची. "घरात बसलं का घरच दिसते," म्हणायची.

रतनजींचा पेहराव गावाला इतका सवयीचा होता की नवा माणूस थबकला की आम्हालाच नवल वाटायचं. खाली धोतर, घट्ट काष्टा मारलेलं. वर त्यांनी स्वतःच शिवलेला एक कपडा. लांबी सदऱ्याची, पण बाह्या पोलक्याच्या, कोपराच्या वर थांबणाऱ्या, काठाला बारीक रंगीत गोट. समोर गुंड्या नाहीत, हूक नाहीत, मधोमध चार बंद. केस मानेवर बांधलेले. खांद्यावर दुपट्टा, आमच्याकडच्या कोणत्याही माणसाच्या खांद्यावर असतो तसा. पण गावातलं कोणी वडीलधारं रस्त्याने चाललं की तोच दुपट्टा बायांच्या पदरासारखा डोक्यावर यायचा. ऊन तापलं की माणसं बांधतात तसा कानाला गुंडाळला जायचा. त्यांच्या हाताला हे करताना विचार करावा लागत नसे.

मी तिसरी-चौथीत असेन. एकदा विचारलं, "रतनजी, तुमच्या ह्या कपड्याले काय म्हणतेत?"

"माहा कपडा म्हणतेत."

"पण नाव काय हाये?"

"तुह्या आंगात काय हाये?"

"फराक."

"तुले नाव माहीत हाये, कारण तुले ते दुकानात भेटते. मले दुकानात भेटत नाही, म्हणून मी शिवतो. नाव ठेवाले येळ कुठं हाये?"

मग मशीनचं पायडल हलवत स्वतःशीच म्हणाले, "गुंडी डाव्या बाजूनं लावली का उजव्या, यावरून शिंप्याले समजते गिऱ्हाईक कोण हाये. मी मधात बांधतो. शिंप्याचा तरास वाचला."

"पण शिंपी तर तुमीच हा नं!"

"म्हणून तं वाचला."

हाक मारायची अडचण गावाने न बोलता सोडवली होती. आमच्याकडे पुरुषाला "काय गा" म्हणतात, बाईला "काय वो", आणि मानाने कोणालाही "काय जी". रतनजींना जवळपास सगळे "जी" म्हणायचे. मान होता की सोय होती, हे मला आता सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही असेल. चावडीवर बसणारी टवाळ पोरं मात्र "बायल्या" म्हणायची, मागून, आणि जरा मोठ्यानेच. रतनजी मान वळवत नसत. मशीनचा वेग तेवढा वाढायचा.

ते काही फार गोड माणूस नव्हते. कपडा कधी मिळेल विचारलं की "शनवारी" म्हणायचे. कोणत्या शनिवारी, ते सांगत नसत. कापड वाईट असलं तर तोंडावर सांगायचे, "हे पोत्याले शोभन." बगलेत एक सुरकुती राहिली म्हणून पूर्ण पोलकं उसवून ठेवायचे, आणि ज्या बाईला दुसऱ्या दिवशी भावाच्या लग्नाला जायचं असायचं ती सपरीत डोळे पुसत बसायची. पण माप घ्यायची त्यांची रीत मी पुढे कुठेच पाहिली नाही. ते बाईच्या अंगाला हात लावत नसत. टेप तिच्याच हातात द्यायचे, दुसरी कोणी मागून धरायची, आणि रतनजी खडू घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. "बोल," म्हणायचे. ती आकडा बोलायची, ते भिंतीवर लिहायचे. "तुह्या आंगाचं माप तुह्याच हातानं घे, कपडा चुकला तं मले बोलता येत नाही." यावर बाया हसायच्या. त्या भिंतीवर अर्ध्या गावातल्या बायांचे आकडे होते, नावं कोणाचीच नव्हती. कोणता आकडा कोणाचा, ते रतनजींना पाठ.

रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मशीन बंद व्हायचं. तेव्हा गावात एकही हात रिकामा राहत नाही. पुरुष चिखल करतात, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या भाताच्या बांधीत नेऊन टाकतात, आणि बाया ओळीत वाकून रोवतात. रतनजी बायांच्या ओळीत उभे राहायचे, दरवर्षी भागरता आजीच्या शेजारी. भागरता आजी म्हणजे गावातली सगळ्यात जुनी रोवणारीण, तोंडाने फटकळ. एकदा बांधावरून कोणी नवा गडी ओरडला, "ओ रतन, तू बायांत काहून? इकडं ये, जुड्या उचल!"

आजी कंबर न सरळ करताच ओरडली, "तुले इथून दिसते काय गा, बाई कोण हाये नं माणूस कोण? सांग पाहू!"

गड्याने पाहिलं. वीस पाठी वाकलेल्या, वीस काष्टे मांडीपर्यंत वर खोचलेले, वीस जोड्या पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात. त्याने खरंच मोजल्यासारखं केलं आणि पुन्हा जुड्या उचलायला लागला. ओळ इतकी हसली की दोघीतिघींच्या हातातले पऱ्हे पाण्यात पडले. रतनजीही हसले. त्यांना मोकळं हसताना मी पाहिलं ते त्या बांधीत.

दुसरी एक आठवण दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांतली. आमच्याकडे तेव्हा गावोगाव दंडारी, म्हणजे नाचगाण्याचे खेळ, होतात, आणि त्यात बायांची कामं पुरुषच करतात. त्यांची पोलकी शिवायची रतनजींनीच. एका दुपारी सरपंचांचा पुतण्या सपरीत पोलकं घालून उभा होता. याच पुतण्याचा आवाज चावडीवरून सगळ्यांत मोठ्याने यायचा. त्या दिवशी तो छाती पुढे काढून आरशात पाहत होता आणि खूश होता.

"रतन," तो म्हणाला, "तूच काहून नाही उभा राहत गा दंडारीत? तुले तं सोंग कराचीबी गरज नाही!"

त्याच्या बरोबरचे हसले. रतनजींच्या ओठांत टाचण्या होत्या. एकेक काढून त्यांनी त्याच्या पोलक्याला लावल्या, सगळ्या संपेपर्यंत, आणि मग तोंड रिकामं झाल्यावर म्हणाले, "सोंग तूच कर. मी सोंग नाही करत. हात वर घे, नाही तं टोचन."

पुतण्याने हात वर घेतला. त्या वर्षी त्याच्या कामाची पाच गावांत वाहवा झाली.

दहावीनंतर मी साकोलीला शिकायला गेले. आमच्या घरात कॉलेज पाहणारी मी पहिलीच. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी हजेरी घेताना काही विचारलं आणि मी उठून म्हणाले, "सर, मी एकोडीकडून येतो." वर्ग हसला. सरही हसले, पण वाईट मनाने नाही. म्हणाले, "मुली, तू येतेस. तू येत नाहीस, म्हणजे, तू 'येतो' नाहीस." पुन्हा हशा. आमच्या गावात बाई काय, पुरुष काय, सगळेच "मी येतो, मी करतो" म्हणतात. माझी माय म्हणते, आजी म्हणते. हे चुकीचं आहे हे मला सोळाव्या वर्षी कळलं. त्या दिवसापासून मी बसमध्ये मनातल्या मनात घोकायचे, येते, जाते, करते, लिहिते.

आणि घोकता घोकता एक गोष्ट लक्षात आली. आमची बोली वर्तमानात बाई-माणूस पाहत नसली तरी भूतकाळात पाहते. बाई म्हणते "मी गेली", पुरुष म्हणतो "मी गेलो". रतनजी तिथे "मी" म्हणतच नसत. "आमी काल साकोलीले गेलो." "आमी लहान होतो तवा." म्हातारी माणसं मानाने असं बोलतातच, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नसेल. आज जायचं असलं तर "मी जातो", काल गेले असले तर "आमी गेलो". त्यांनी ठरवून केलं होतं की जिभेने आपोआप वाट काढली होती, कोण जाणे. मला तो शोध फार मोठा वाटला. कोणाला सांगितला नाही. सांगितला असता तर बरं झालं असतं, निदान मी स्वतः तो विसरले नसते.

आणीबाणी संपून दोनेक वर्षं झाली असतील. गावात बायांचा शिवणवर्ग मंजूर झाल्याची बातमी आली. समाजमंदिराची खोली, पाच मशिनी, आणि शिकवायला गावातलीच शिवणकाम येणारी बाई. बातमी ऐकल्याबरोबर सपरीतल्या बायांनी ठरवून टाकलं, रतनजी शिकवतील. दुसरं कोणी होतंच कुठे? सरपंचही म्हणाले, अर्ज करा, पाहू.

रतनजींना मी काही मागताना कधी पाहिलं नव्हतं. हे त्यांना हवं होतं. मी रविवारी घरी आले तेव्हा ते जुन्या वर्तमानपत्रांचे कागद कापत बसले होते. पोलक्याचे, बाळाच्या झबल्याचे, परकराचे कागदी बेत. लहान, मध्यम, मोठा. तीसेक झाले होते.

"कुंदे," ते म्हणाले, "पाच मशिनी एकदम चालल्या तं आवाज कसा येईन वो?"

मी म्हणाले, "आगगाडीसारखा."

"हट. आगगाडी आमी पाह्यली हाये. तसा नाही येणार." आणि कान देऊन ऐकल्यासारखे थांबले. मग म्हणाले, "ज्या पोरी इथं सपरीत येऊ शकत नाहीत, त्याबी येतीन. सरकारी खोली हाये म्हटल्यावर घरचे सोडतीन."

अर्ज मी लिहायचा होता. रतनजींना सही करता यायची आणि आकडे यायचे, बाकी अक्षरं जेमतेम. मी साकोलीहून रेघांचा चांगला कागद आणला होता.

"लिव," ते म्हणाले. "मी वीस वर्षांपासून कपडे शिवतो."

माझी लेखणी "शि"वर थांबली. शिवतो लिहिलं तर साहेब म्हणतील हा पुरुष, आणि जागा बाईची आहे. किंवा म्हणतील, कोण अडाण्याने लिहिलं आहे. वर्गातला हशा माझ्या कानात होता. मला वाटलं, मी शिकलेली आहे, मला नियम माहीत आहे, तो रतनजींच्या कामी यावा. मी लिहिलं, "मी वीस वर्षांपासून कपडे शिवते." पुढे, "बायांना शिकवू शकते." शेवटी, "आपली विश्वासू".

"वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. आणि वाचताना "शिवतो" म्हणाले, "शिकवू शकतो" म्हणाले. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. शिवते म्हणाले असते तर त्यांनी थांबवलं असतं.

त्यांनी मान हलवली, धोतराला हात पुसले आणि खाली सही केली. रतन.

महिन्याभराने तालुक्याहून साहेब आले. दुपारची वेळ होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत सरपंच, चारपाच माणसं, आणि दारात बाया. रतनजी धुतलेलं धोतर नेसून, आपला नवा, निळ्या गोटाचा कपडा घालून आले होते. हातात कागदी बेतांचं भेंडोळं. साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला आणि मान वर करून दाराकडे पाहिलं.

"अर्जदार बाई कुठे आहेत?"

"मीच," रतनजी म्हणाले.

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी रतनजींना खालपासून वरपर्यंत पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"इथे लिहिलंय, शिवते. आपली विश्वासू. तुम्ही बाई आहात?"

रतनजी माझ्याकडे वळले. रागाने नाही. एखाद्या बेतलेल्या तुकड्याचं माप जुळत नाही तेव्हा ते कापडाकडे जसे पाहायचे, तसे. मग म्हणाले, "मी शिवतो असं सांगितलं होतं, साहेब."

"म्हणजे पुरुष आहात."

"आमच्या इकडं समदेच शिवतो म्हणतेत."

"हो जी," दारातून भागरता आजी म्हणाली. "मीबी म्हणतो. मी रोवतो, मी खातो, मी जातो. मंग मी काय माणूस झाला का?"

मोठा हशा पिकला. साहेबही हसले आणि मग घाम पुसत म्हणाले, "हे बघा, मला यात पडायचं नाही. कागदावर एक काहीतरी हवं. स्त्री की पुरुष, एवढंच सांगा."

रतनजींनी भेंडोळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. म्हणाले, "टेलर लिवा नं, साहेब."

या वेळी हसणं थांबेचना. सरपंचांच्या पुतण्याने मांडीवर थाप मारली. मीही दारात उभी होते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही ओठांवर ते आलं होतं, कारण उत्तर मजेचं होतं. नंतर कितीदा तरी त्या उत्तराचा विचार केला, आणि मला त्यात खोटं काही सापडलं नाही.

सरपंच वाईट माणूस नव्हते. साहेब चहा पीत होते तेव्हा त्यांनी रतनजींना बाजूला घेतलं. "हे पाह्य रतन. फूलपँट-शर्ट घाल, मी खटपट करून पुरुष मास्तर मंजूर करून आणतो. नाही तं लुगडं नेस, मी डोळे मिटतो. दोहीतलं एक कर नं बाप्पा! एवढं काय हाये त्यात? दोन घंट्यांचा कपडा."

"मंग बाकीचे घंटे?" रतनजी म्हणाले.

"बाकीचे तुह्या घरी काय घालाचं ते घाल."

"घरात मले पाहाले कोण हाये, सरपंच? घरात तं काहीबी चालते."

त्यांनी मंगळवारच्या बाजारापर्यंत विचार करायला वेळ मागितला. मंगळवारी ते आले नेहमीच्याच कपड्यात. सरपंचांनी हात जोडले. साहेबांचा शेरा आठवड्याने आला. सरपंचांच्या पुतण्याने तो चावडीवर वाचून दाखवला : अर्जदाराने स्वतःस स्त्री भासवून अर्ज केला, सबब नामंजूर.

भासवून. हा शब्द गावात याआधी कोणी वापरलेला नव्हता. पोरांनी त्याचा लगेच अर्थ लावला, "म्हणजे सोंग." वीस वर्षं ज्या गोष्टीवाचून कोणाचं अडलं नव्हतं, ती आता कागदावर आली होती. आणि कागदावर आली म्हटल्यावर घराघरांतून प्रश्न निघाले. माणूस आहे, सरकारनेच लिहून दिलं आहे. मग आपल्या बाया तिथे काय करतात? माप कोण घेतं? माप कसं घेतलं जायचं ते बायांना माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. एकेक करून सपरी रिकामी झाली. आधी नव्या सुना, मग पोरी, मग बाकीच्या.

माझ्या मायने राखीच्या सणाचं पोलक्याचं कापड माझ्या पिशवीत घातलं, साकोलीच्या टेलरकडे टाकायला.

"माय," मी म्हणाले, "रतनजी..."

"मले मालूम हाये गं समदं," ती म्हणाली. "पण तुह्या बापाले काय सांगू? तू शिकलेली हास, तूच सांग काय सांगू."

मी पिशवी उचलली. कापड घेऊन गेले.

जायच्या आधी रतनजींकडे गेले. मशीनवर कापड टाकून ठेवलेलं होतं. भिंतीवरचे आकडे तसेच होते. मी म्हणाले, चूक माझी आहे, मी शिवते लिहिलं, मला वाटलं त्याने काम होईल. बोलताना रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "वाचून दाखवलं तवा तू शिवतो म्हटलं. बराबर?"

"हो."

"लिवलं एक, वाचलं एक."

"हो जी."

"मंग तुले मालूम होतं," ते हळूच म्हणाले, "का दोहीत फरक हाये. आमाले नव्हतं मालूम."

यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना त्यांनी कागदी बेतांचं भेंडोळं माझ्या हातात दिलं. "वर्गात दे. कापून ठेवलं हाये, वाया काहून जावं?"

वर्ग सुरू झाला. बाहेरगावच्या एक बाई आठवड्यातून दोनदा बसने येऊन शिकवायच्या. भल्या होत्या. बेत पाहून त्यांनी खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा उलटसुलट केले. "किती साफ हात आहे," म्हणाल्या, "कोणी कापले?" खोलीत बारा पोरी होत्या, दारात मी होते.  एकीने मशीन चालू केलं, मग दुसरीने, मग पाची चालू झाल्या, आणि प्रश्न त्या आवाजात गेला.

पुढच्या चैत्रात रतनजींनी मशीन बैलबंडीवर चढवलं आणि गाव सोडलं. कोणी म्हणे आसगावकडे नातलग आहेत, कोणी म्हणे नागपूर. भागरता आजी बंडीबरोबर पाळीपर्यंत चालत गेली. परत येऊन तिने चावडीसमोर उभं राहून असा उद्धार केला की माणसं उठून घरी गेली. पण तोवर बंडी दिसेनाशी झाली होती. त्या वर्षीच्या रोवण्याला आजी गेली नाही. कंबर धरली म्हणाली.

यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी साकोलीहून बसने घरी येत होते. बसमध्ये फार गर्दी नव्हती, पण उभी माणसं होती. बस निघता निघता एक जण चढला आणि दाराजवळ दांडा धरून उभा राहिला. बदामी शर्ट, तपकिरी फूलपँट, केस बारीक कापलेले. मी आधी पाहून सोडून दिलं. मग दांड्यावरचा हात पाहिला. मधल्या बोटावर सुईच्या टोकांनी झालेलं काळं घट्टं.

कंडक्टर मागून आला. "ओ भाऊ, समोर सरका. भाऊ, तुम्हालेच म्हणून राहिलो."

रतनजी लगेच पुढे सरकले.

माझ्या शेजारी जागा होती, बाईशेजारी पुरुष बसत नाहीत म्हणून सुटलेली. पलीकडच्या बाकावर आमच्या गावच्या दोघी होत्या. त्यांची कितीतरी पोलकी रतनजींनी शिवली असतील. त्यांनी ओळखलं होतं, कारण दोघी एकदमच खिडकीबाहेर पाहायला लागल्या. मी खिडकीकडे सरकले. म्हणाले, "रतनजी, इथं बसा जी." आवाज अगदीच बारीक निघाला, पण त्यांना ऐकू गेला. ते वळले. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग लगेच माझ्या कुडत्याच्या गळ्याकडे.

"कोणं शिवला?"

"साकोलीतच."

"गळा बरा बसला," ते म्हणाले. मग, "माय बरी हाये?"

"हो. तुमी कुठं राहता, जी? काय..."

"चालू हाये." त्यांनी बाकावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या माणसांकडे. "बस तू. मले फाट्यावर उतराचं हाये."

फाटा यायला बराच वेळ होता. तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. मला उठून त्यांच्याजवळ जाऊन उभं राहता आलं असतं. मी उठले नाही. मांडीवर पुस्तकं होती, ती मी धरून बसले.

फाट्यावर ते उतरले आणि आमच्या उलट दिशेच्या कच्च्या रस्त्याने चालू लागले. बस कोणासाठी तरी थांबली होती, म्हणून मला नीट पाहता आलं. शर्ट तयार घेतलेला असावा. त्यांनी शिवलेला नव्हता, हे कोणीही सांगितलं असतं. खांद्याची शिवण दोन्हीकडे दंडावर दोन बोटं उतरली होती. चालता चालता त्यांनी उजव्या हाताने डाव्या खांद्यावरचं कापड वर ओढून जागेवर बसवलं. चार पावलांत ते पुन्हा खाली आलं. त्यांनी पुन्हा ओढलं.